खुंटीवरचे बूट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



सेमाडोहचा कवी बोलणार म्हटल्यावर तुम्ही सागाची पानगळ, सिपना नदी आणि वाघ यांची वाट पाहत बसला असाल. त्यांच्यावर पुष्कळ बोलून झाले आहे. त्यातले काही मीच बोललो आहे. आज मला बुटांवर बोलायचे आहे. शहरातली पोरे ज्यांना 'स्निकर्स' म्हणतात, ते रबरी तळव्याचे, कापडी नाहीतर चामडी, रंगीबेरंगी बूट. त्यातही ते घालण्याबद्दल कमी आणि जमवण्याबद्दल जास्त. होय, बूट जमवतात. एके काळी लोक टपालाची तिकिटे जमवत, काडेपेटीची चित्रे जमवत, तसे आज जगभर लोक बूट जमवतात. कपाटात रांगेने लावतात, एकमेकांना दाखवतात, अदलाबदल करतात. ठरावीक जोड बाजारात येणार असेल तर आदल्या रात्रीपासून दुकानापुढे रांग लावतात. हा शौक न्यूयॉर्कचा, टोकियोचा, फार तर मुंबई-पुण्याचा. मेळघाटाशी त्याचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध आहे. सांगतो.

आधी शब्दाचे पाहू. इंग्रजीत चोरपावलाने जाणे या अर्थाचे एक क्रियापद आहे, त्यावरून स्निकर हा शब्द आला. एकोणिसाव्या शतकात कच्चे रबर पक्के करण्याची युक्ती सापडली. चार्ल्स गुडइयरने तिचे अमेरिकेतले पेटंट १८४४ साली घेतले. पुढे रबराच्या तळव्याचे कापडी बूट निघाले आणि त्यांचा पाय वाजत नाही म्हणून लोकांनी त्यांना हे नाव दिले. आमच्याकडच्या वनरक्षकाला हे शिकवावे लागत नाही. गस्तीला जाताना तो कॅनव्हासचा बूटच घालतो. अर्थात सागाची वाळली पाने कोणत्याच बुटाचे ऐकत नाहीत, ती भाग वेगळी.

माझ्या पिढीला हा बूट 'पीटी शूज' म्हणून ठाऊक. बाटा कंपनीने १९३० नंतरच्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर वसवले आणि तिथला पांढरा कॅनव्हासचा बूट देशभरातल्या शाळांच्या पायांत गेला. माझे वडील परतवाड्याच्या लाकूड डेपोवर मुन्शी होते. आम्हा चार भावांत असा एक जोड होता. सव्वीस जानेवारीच्या आदल्या रात्री तो ओल्या खडूने रंगवायचा आणि चुलीपासून बेताच्या अंतरावर वाळत ठेवायचा. कवायतीत ज्याचा नंबर पुढच्या रांगेत, त्याच्या पायात तो जाई. मापाचा प्रश्न आत कापूस कोंबून सुटे. त्यामुळे एका माणसाकडे पाच जोड असू शकतात ही कल्पना माझ्या डोक्यात सहजासहजी शिरत नाही, हे कबूल करतो. तरी शिरवून घ्यावी लागली, ती होळीमुळे.

होळी हा कोरकूंचा मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेला कोरकू माणूस एखादे वेळी दिवाळीला येणार नाही, पण होळीला घरी येतोच. सेमाडोहला रस्त्याच्या कडेला माझे लहानसे दुकान आहे. रस्ता उंचावर, दुकान खाली. ओट्यावर बसले की एसटीतून उतरणाऱ्याचे आधी पाय दिसतात, मग माणूस. गेली तीस वर्षे मी होळीच्या आधीच्या आठवड्यात हे पाय उतरताना पाहतो आहे. पूर्वी बरेच पाय अनवाणी असत, नाहीतर ट्रकच्या जुन्या टायरपासून केलेल्या चपला असत. त्या चपला माणसापेक्षा जास्त टिकतात अशी त्यांची ख्याती. मग प्लॅस्टिकचे सँडल आले. आणि गेल्या आठ-दहा वर्षांत पांढरे शुभ्र बूट उतरू लागले. आमच्या धुळीत पांढरा बूट! बाजाराला एक चक्कर मारली की त्याचा रंग गेला. तरी पांढराच.

त्यातला एक तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण माझ्या चांगल्या परिचयाचा. नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. पुण्याकडे इमारतींत फरश्या बसवण्याचे काम करतो. त्याच्या घरी कुडाच्या भिंतीला ओळीने खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीला पारदर्शक पिशवीत एकेक जोड टांगलेला आहे. पाच जोड. जुन्या दातांच्या ब्रशाने आणि शांपूच्या एका पुडीने तो ते धुतो, सावलीत वाळवतो, आकार बसू नये म्हणून आत वर्तमानपत्र कोंबतो. ते वर्तमानपत्र माझ्याच दुकानातून रद्दीच्या भावात नेतो. त्यात एखादी रविवारची पुरवणी आणि त्या पुरवणीत एखादी माझी कविताही असणार. कवितेचा इतका ठोस उपयोग झालेला मला दुसरा माहीत नाही.

मी त्याला म्हटले, "अरे, पाय दोन अन् जोड पाच. घालतोस कधी?"

तो म्हणाला, "घालासाठी नाही हायेत ते चाचा. ठेवासाठी हायेत."

"ठेवून काय करतोस?"

"पायतो."

वऱ्हाडी कानाला यातली गंमत कळेल. पायातली वस्तू, आणि तो ती 'पायतो'.

त्या पाचांत काळ्या-लाल रंगाचा, घोट्यापर्यंत चढणारा एक जोड आहे. तो मूळ कंपनीचा नाही, नक्कल आहे, हे त्याला पक्के माहीत आहे. पण तो कशाची नक्कल आहे हेही त्याला पक्के माहीत आहे. मूळ जोडाचे नाव एअर जॉर्डन, साल १९८५. मायकेल जॉर्डन हा बास्केटबॉलचा नवखा खेळाडू, नाइकी ही तेव्हा धावण्याच्या बुटांसाठी प्रसिद्ध असलेली कंपनी. बुटात पांढरा रंग पुरेसा नाही म्हणून अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेने काळ्या-लाल जोडाला हरकत घेतली. कंपनीने त्या हरकतीचीच जाहिरात केली: मैदानात बंदी आहे, तुम्हाला घालायला कोण अडवतो? पोरांना आणखी काय हवे? पहिल्या वर्षातच दहा कोटी डॉलरच्या वर धंदा झाला. आमच्या या तरुणाला बास्केटबॉलचे नियम येत नाहीत. पण 'बंदी होती' एवढे सांगताना त्याचे डोळे चमकतात.

बूट जमवण्याची ही रीत कंपन्यांनी शोधलेली नाही, हे मला नंतर वाचून कळले. कंपन्या नंतर आल्या. १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेम, ब्रॉन्क्स अशा वस्त्यांतली काळी आणि पोर्तो रिकोची पोरे मैदानावर बास्केटबॉल खेळत. घर लहान, कपडे मोजके, रंग न लपणारा. आपण कोण आहोत हे सांगायला हाताशी बूट होते. दुसऱ्या कोणाकडे नाही असा जोड शोधण्यासाठी ती आडवाटेची दुकाने धुंडाळत, तळघरातल्या धुळकट पेट्या उघडायला लावत. बॉबिटो गार्सिया नावाच्या माणसाने त्या काळावर २००३ साली एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'कुठे मिळाले रे तुला हे?' हा प्रश्न विचारला जावा यासाठीच सगळा खटाटोप. १९८६ साली रन-डीएमसी या त्रिकुटाने आपल्या ॲडिडास बुटांवरच गाणे केले. हे तिघे बुटांना नाडी बांधत नसत, कारण तुरुंगात कैद्यांच्या नाड्या काढून घेतात. त्यावरून बिननाडीचे बूट दिसले की लोक गुंड समजत. यांनी तोच वेष मुद्दाम धरला. न्यूयॉर्कच्या एका भव्य सभागृहात त्यांनी श्रोत्यांना म्हटले, बूट वर करून दाखवा. हजारो हातांनी बूट वर धरले. कंपनीचा माणूस तिथे होता. त्याने ते पाहिले आणि करार झाला.

याच ॲडिडासच्या गावाची एक गोष्ट मला फार आवडते. जर्मनीत हेर्त्सोगेनआउराख नावाचे छोटे गाव आहे. तिथे अडॉल्फ आणि रुडॉल्फ डासलर हे दोघे भाऊ बूट बनवत. भावाभावांत फाटले. रुडॉल्फने १९४८ साली प्यूमा काढली, अडॉल्फने १९४९ साली ॲडिडास नोंदवली. नदीच्या एका बाजूला एक कारखाना, दुसऱ्या बाजूला दुसरा. गावाची दोन तटांत वाटणी झाली. बेकरी वेगळी, दारूचा गुत्ता वेगळा. बोलायला सुरुवात करण्याआधी माणसे समोरच्याच्या पायाकडे पाहत, हा आपला की त्यांचा. त्यावरून त्या गावाला 'वाकलेल्या मानांचे गाव' असे नाव पडले.

हे वाचले तेव्हा मला हसू आले. आमच्याकडची गावे याहून जुनी. समोरच्याच्या पायाकडे पाहून तो कोण हे ठरवण्याचा अभ्यास आपल्याइतका कोणी केला नसेल. पाटलाच्या वाड्यावरून जाताना पायातले काढून हातात धरायचे, वस्ती ओलांडली की पुन्हा घालायचे, हा नियम किती जातींच्या किती पिढ्यांनी पाळला! नवा जोडा घातला म्हणून मार खाल्लेली माणसे काही फार जुन्या काळातली नाहीत. इंग्रज आले तर त्यांनी कचेरी-दरबारात पायातले काढण्यावरून सरकारी ठराव केले. विलायती धाटणीचे बूट असतील तर आत घालून या, देशी जोडा असेल तर बाहेर काढा. आणि मराठीने या सगळ्याचे सार एका म्हणीत करून ठेवले: पायातली वहाण पायातच बरी. ही म्हण वहाणेबद्दल नाही हे तुम्हाला-मला दोघांनाही ठाऊक आहे.

आता त्या कुडाच्या भिंतीकडे पाहा. वहाण पायातून निघाली आहे आणि डोळ्यांच्या उंचीवर जाऊन बसली आहे. जगभरचे बूट जमवणारे नेमके हेच करतात. ते बुटाची पायरी बदलतात.

आमच्या घरांत बुटाच्या पायरीचे थोडे वेगळे आहे. मशिदीच्या दारात जोडे काढतात, आणि शुक्रवारी त्या ढिगाकडे पाहिले तर कोण किती कमावतो याचा अंदाज येतो. आत गेल्यावर सगळे एका ओळीत, दारात मात्र ओळ नाही. लहानपणी ईदच्या नव्या बुटांवर लक्ष ठेवण्याच्या नादात नमाजातले चित्त उडाल्याचे अनेकांनी मला खासगीत सांगितले आहे. पण आमच्याकडे दुसराही एक संस्कार आहे. उस्तादाचे जोडे सरळ करून ठेवणे ही शागिर्दाची पहिली इयत्ता. खलिफा हारून अल-रशीदचे दोन शहजादे गुरूचे जोडे कोण आधी उचलणार यावरून भांडले, ही गोष्ट मौलवीसाहेब आम्हाला सांगत. जोडा उचलण्यात कमीपणा नसतो, कोणाचा जोडा आणि कोणाच्या मर्जीने, यावर सगळे असते. १९९७ साली नाइकीच्या एका बुटावर ज्वाळेसारखे अक्षर काढले होते, ते अरबीतल्या अल्लाहच्या नावासारखे दिसले. जगभरचे मुसलमान दुखावले, कंपनीने माफी मागून अडतीस हजार जोड परत घेतले. बुटावर काय लिहायचे यावरून माणसे इतकी हळवी होतात, मग बूटच कोणाची सही झाला असेल तर त्यात नवल काय?

आपल्या वऱ्हाडात या विषयातले सगळ्यात मोठे नाव कोणाचे, असे मला कोणी विचारले तर मी गाडगेबाबांचे घेईन. रागावू नका, ऐका. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, आणि दोन पायांत दोन तऱ्हेची पायताणे. डावे वेगळे, उजवे वेगळे. ज्या गावात माणसे पायाकडे पाहून प्रतिष्ठा मोजतात, त्या गावात शिरताना बाबांनी मोजणाऱ्याची पट्टीच मोडून टाकली. २००७ साली नाइकीने एक जोड काढला, 'व्हॉट द डंक' नावाचा. त्यातला डावा बूट एका रंगाढंगाचा, उजवा दुसऱ्या, जुन्या कितीतरी बुटांचे तुकडे एकत्र आणलेले. बूट जमवणाऱ्यांत त्याला आज सोन्याचा भाव आहे. बाबांना ते फुकटात जमले होते.

हे विषमजोडीचे पुराण मी मुद्दाम लावले. कारण मेळघाटात दुसऱ्याही तऱ्हेने विषम जोड येतात.

१९९०नंतरच्या दशकात इथल्या कुपोषणाच्या, बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्या. त्या जायलाच हव्या होत्या. मरणारी मुले खरी होती. पण बातमीबरोबर एक छायाचित्रही गेले. उघडे अंग, फुगलेले पोट, अनवाणी पाय. ते छायाचित्र मेळघाटाचे ओळखपत्र होऊन बसले. मग मदतीचे ट्रक येऊ लागले. एका ट्रकातून उतरलेले जुन्या बुटांचे पोते मी स्वतः उघडताना पाहिले आहे. कोणी पाठवले ते सोडा, हेतू चांगलाच असेल. पोत्यात एकेकटे बूट पुष्कळ होते. डाव्या पायाचे जास्त, का कोण जाणे. उंच टाचेची एक बायकी सँडल होती. पोरे हसत होती, घालून चालून दाखवत होती, आणि एक पाहुणा त्यांचे फोटो काढत होता. दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट घातलेला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा कॅमेऱ्याकडे बघत उभा राहिला. बाबांचा विषम जोड बाबांनी निवडला होता. याचा कोणी दुसऱ्यानेच निवडला होता.

पाच जोडवाला तो तरुण याच पिढीतला. त्या पोत्यापाशी तो होता की नाही मला आठवत नाही, त्याला विचारायचा धीरही मी केला नाही. पण पांढरा बूट घालून तो एसटीतून उतरतो तेव्हा त्या जुन्या छायाचित्राला तो उत्तर देतो, असे मला वाटते. त्याची भाषा कोरकू, संथाळी-मुंडारीच्या कुळातली. मराठी आणि हिंदी दोन्ही त्याला शिकाव्या लागल्या आणि दोन्हींत त्याच्या बोलण्याला लोक हसले. बुटाच्या भाषेत मात्र त्याचे उच्चार चुकत नाहीत. पुण्यात फरशी बसवायला गेलेल्या फ्लॅटमधल्या मुलाने म्हणे त्याच्या पायाकडे पाहून विचारले, "भैया, ये कहाँ से लिया?" बॉबिटोच्या पुस्तकाचे नाव त्याला त्याच्या वाट्याला असे आले.

गावातले शहाणे लोक त्याला नावे ठेवतात. बापाच्या छपरावर पत्रा नाही आणि याला बूट हवेत. हा आक्षेप पोकळ नाही. मजुरीच्या पैशातून जाणारे हजार-बाराशे रुपये मेळघाटात हजार-बाराशेच असतात. मोबाइलवर हप्त्याने बूट घेऊन पुढचे तीन महिने ठेकेदाराकडून उचल घेणारीही पोरे मी पाहिली आहेत, आणि त्यांना मी तोंडावर खडसावले आहे. पण याच शहाण्या लोकांच्या लग्नातले डीजे आणि फटाके मी मोजले आहेत. तेव्हा पत्र्याची आठवण कोणाला होत नाही. गरिबाने गरजेपुरतेच घ्यावे हा उपदेश करणारा सहसा गरजेच्या पुढे गेलेला असतो.

मला खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची वाटते. १९८९ साली अमेरिकेत मेरीलँडमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलाचा गळा दाबून खून झाला, पायातल्या जॉर्डन बुटांसाठी. ते त्याने एकशे पंधरा डॉलरला घेतले होते. रोज संध्याकाळी तो ते पुसायचा. बुटांचा खोका त्याने खोलीत मानाच्या जागी ठेवला होता आणि खोक्यात खरेदीची पावती जपली होती. हे वाचताना माझ्यासमोर खुंट्या आल्या, पिशव्या आल्या, जुना ब्रश आला. बूट माणसाची सही होतो तेव्हा ती सही चोरण्याजोगीही होते. ज्याच्याकडे स्वतःला सांगण्याच्या वाटा पुष्कळ असतात, त्याचा बूट चोरीला गेला तर फक्त बूट जातो.

आणि मग बाजार. जॉर्डनने १९९८च्या अंतिम सामन्यांत घातलेला एक जोड २०२३च्या एप्रिलमध्ये लिलावात बावीस लाख डॉलरला गेला. हे फार दूरचे वाटत असेल तर पुण्याचे पाहा. वेदांत लांबा या तरुणाने शाळकरी वयात, २०१७च्या सुमारास, यूट्यूबवर बुटांच्या चित्रफिती टाकायला सुरुवात केली आणि त्यातून दुर्मीळ बुटांच्या फेरविक्रीचा मोठा धंदा उभा केला. कंपन्या ठरावीक जोड मुद्दाम थोडेच काढतात, चिठ्ठ्या टाकून विकतात, आणि ज्याला चिठ्ठी लागली तो ते न घालता दुप्पट-तिप्पट भावाने पुढे विकतो. न घातलेल्या जोडाला यांच्या भाषेत 'डेडस्टॉक' म्हणतात. मेलेला माल! आमचा तरुण बूट ठेवतो आणि हा व्यापारीही ठेवतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. पण एकाला ते पाहायचे असतात आणि दुसऱ्याला भाव चढण्याची वाट पाहायची असते. मला पहिला कवी वाटतो, दुसरा अडत्या. अडत्यांवाचून कापूसही विकला जात नाही हे मान्य, पण अडत्याला कोणी शेतकरी म्हणत नाही.

या सगळ्या बोलण्यात ज्याचे नाव कोणी घेत नाही तो म्हणजे बूट करणारा. जॉर्डनचे नाव बुटावर आहे, कंपनीची खूण आहे. नाइकीची ती बाकदार खूण १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने पस्तीस डॉलरात काढून दिली होती. तिचे निदान नाव तरी उरले. शिवणाऱ्याचे नाव कुठेच नसते. परतवाड्याच्या बसस्टँडजवळ एक म्हातारे चर्मकार बसत. आमच्या तरुणाच्या एका बुटाचा तळवा सुटला तेव्हा मीच त्याला त्यांच्याकडे पाठवले. त्यांनी बूट हातात घेतला, वाकवला, वास घेतला आणि म्हणाले, "शिवेलच नाही ना बाप्पा हा. चिकटवेल हाय नुसता." मुंबईत बूट असली की नकली हे तपासून देणारे लोक पैसे घेतात. यांनी तळवा शिवून तीस रुपये घेतले आणि तपासणी फुकट दिली.

२०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचे नाव न घेता. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात येतात. ओरड झाली, कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले, आणि वर्षाच्या शेवटी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. हे त्यातल्या त्यात बरे झाले. पण मला याहून धीट वाटले ते मुंबईच्या सुधीर राजभर या कलावंताचे काम. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदी कायदा आला आणि धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांचे हात रिकामे झाले. राजभरांनी त्यांना टाकाऊ रबरापासून पिशव्या आणि वस्तू करायला दिल्या, आणि ज्या जातिवाचक शब्दाने लोक शिवी देतात तोच शब्द 'चमार स्टुडिओ' असा पाटीवर लिहिला. टायरच्या रबराला इतकी किंमत येईल हे आमच्या टायरच्या चपलांना कुठे माहीत होते!

आता त्या पाच जोडांचे. बूट जमवणाऱ्यांना एका रोगाची फार भीती असते. तळव्याच्या मधल्या मऊ थरात पॉलियुरेथेन असेल तर हवेतला ओलावा हळूहळू त्याचे बंध तोडतो. दहा-पंधरा वर्षे खोक्यात अगदी नवा म्हणून जपलेला बूट एक दिवस पायात घालावा आणि भाकरीच्या शिळ्या तुकड्यासारखा तळवा भुगा होऊन पडावा, असे होते. लाखांचे जोड असे गेले आहेत. आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चिखलदऱ्याला ढग जमिनीवर उतरतात आणि चार महिने भिंतीही पाझरतात.

गेल्या होळीला मी हे त्याला सांगितले. पिशव्यांची तोंडे बांधून ठेवू नकोस, आत ओल कोंडते. शिवाय अधूनमधून घातलेला बूट नुसत्या ठेवलेल्यापेक्षा बरा राहतो, असेही जाणकार म्हणतात. तो बराच वेळ गप्प राहिला. घातला की पंज्यावर घडी पडते आणि ती पुन्हा जात नाही, ही त्याची अडचण. शहरातले शौकीन घडी पडू नये म्हणून बदकासारखे चालतात, हेही त्यानेच मला चालून दाखवले.

मग विचारले, "मंग यातला कोन्ता घालू चाचा?"

मी म्हटले, तुझे तू ठरव.

त्याने पाचही पिशव्या खाली काढल्या. दोनदा बदलून शेवटी काळा-लाल जोड घेतला, आतला कागदाचा बोळा काढून बाजूला ठेवला, नाड्या सावकाश ओवल्या आणि सिपनेच्या पुलापर्यंत जाऊन आला. आल्यावर उंबऱ्यात बसला आणि उजव्या बुटावर पडलेली घडी अंगठ्याने दाबून पाहू लागला.